तोंडात कापूस कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची घंटा आहे. बोरी अरबजवळच्या एका लहान तांड्यात, कुडाच्या भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली असते. जवळ या, पण मला हलवू नका.

दोन फुटके तांबे आणि एक चेपलेलं ताट वितळवून एका ओताऱ्यानं मला घडवलं. थंड झाल्यावर त्यानं बोटाच्या नखानं मला वाजवून पाहिलं. आवाज लांब गेला, फार लांब गेला, आणि तिकडून कुणीतरी ओ दिल्यासारखा परत आला. ओतारी दचकला. त्यानं घाईघाईनं मला विकून टाकलं.

मग मी पुढच्या बैलाच्या गळ्यात आले. त्या काळी हा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडायचा. पुढचा बैल उठला की तांडा उठायचा. तो जिकडे वळेल ती वाट, तो बसेल तो मुक्काम. बाया मला हळद लावायच्या. "घंटेनं वाट दाखवली," म्हणायच्या. मी गप्प राहून ती हळद मिरवली. खरं सांगते, मला वाट कधीच कळली नाही. बैल पाण्याच्या वासानं चालायचा. मी त्याच्या गळ्यात नुसती हलत होते.

आगगाडी आली, ट्रक आले. बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. तांड्यानं शेतं केली, घरं बांधली, आणि मी खुंटीवर गेले. माझ्यावर कोळ्यानं जाळं विणलं.

पण मित्रांनो, वैशाखात, भर दुपारी, सावल्या पायाखाली येतात आणि पाखरूही बोलत नाही, तेव्हा तो जुना तांडा अजून जातो. बैल जातात, माणसं जातात, धूळ मात्र उठत नाही. माझ्यासमोर आले की थबकतात. मी वाऱ्याशिवाय वाजते. माझा इलाज नसतो.

१९५८ साली ते असेच आले. घरातला कर्ता लेक रामधन जेवत होता. हात न धुताच उठला, मला खुंटीवरून काढलं आणि चालू लागला. संध्याकाळी तो नदीकाठच्या पळसाखाली सापडला. बसलेला होता, मी मांडीवर, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. त्याची बायको भुरीबाई हे मानेना. मला विहिरीत टाकायला निघाली होती, पण म्हातारे सासरे, तांड्याचे नायक पूनमसिंग, आडवे आले.

सात वर्षं गेली. रामधनचा मुलगा सेवादास बी.कॉम. झाला आणि यवतमाळच्या कापसाच्या जिनात कारकून म्हणून लागला. त्याला पुढं शिकायचं होतं. पेटीत दोन अर्ज होते. एक नागपूरचा, एम.कॉम.चा. दुसरा अहमदाबादचा, तिथं कारखाना-कंपनी कशी चालवावी हे शिकवणारी नवी संस्था निघाली होती. यंदाच जावं की थांबावं, आणि कुठं जावं? महिनाभर तो अर्ज काढी आणि परत ठेवी.

शेवटी नायक म्हणाले, "कधी निघाचं न् कोण्या वाटेनं, हे आपल्यात बैल सांगे. पूर्वेले गेला तं नागपूर, पश्चिमेले गेला तं अहमदाबाद. जागचा हालला नाही तं यंदा जाऊ नोको."

शेजारच्या शेताचे पुंडलिकराव बांधावर उभे होते. ते म्हणाले, "नायक, पोरगा बी.कॉम. न् सल्ला देणार बैल? कोण्या कालेजात होता म्हणावं हा?"

सेवादास हसला. पण हसता हसता त्यानंच मला खुंटीवरून काढून औताच्या बैलाच्या गळ्यात बांधलं. ठरवायचं ओझं दुसऱ्यावर टाकलं की खांदे किती हलके होतात, ते मी त्याच्या बोटांतून ओळखलं.

वैशाख होता, दुपारचे बारा वाजले होते. बैल पूर्वेला गेला नाही, पश्चिमेला गेला नाही. तो दक्षिणेला वळला, नदीकडे. मी वाजू लागले. सेवादास मागं चालला, झोपेत चालल्यासारखा. आमच्या दोन्ही बाजूंनी ते चालत होते, पायाचा आवाज नसलेले. त्यांच्यात रामधनही होता. तो हात हलवून लेकाला परत जा, परत जा म्हणत होता. ते फक्त मला दिसत होतं.

पळस जवळ आला. तेवढ्यात माझा आवाज ओळखून भुरीबाई अनवाणी धावत आली. गोधडीसाठी पिंजायचा कापूस तिच्या ओढणीत बांधलेला होता. तिनं बैलाला धरलं आणि मूठभर कापूस माझ्या तोंडात कोंबला. सगळं शांत झालं. सेवादासनं डोळे चोळले.

"याडी, आपुन इथं कसे आलो?" आईला तो याडी म्हणे.

"तुह्या बापानंबी कोनाले काई इचारलं नाही. हिच्या मांगं निंगून गेला," ती धापा टाकत म्हणाली. "तू मले सांग. तुले शिकाचं काय हाय?"

"नागपूरले सोपं हाय याडी. यंदाच घेतीन. दोन वर्सांत कालेजात मास्तर होईन."

"मी सोपं नाही इचारलं."

तो खाली बसला. "जिनात कापूस कवा घ्याचा, कवा थांबाचं, हे मालकालेबी समजत नाही. अंदाजानं चालते सारं. मले थे शिकाचं हाय."

"कुठं शिकवते?"

"अहमदाबादले. पन परीक्षा, मुलाखत, सारं इंग्रजीत. आज गेलो तं तोंड उघडनार नाही माहं."

"मंग आज कायले जातं?"

तो वाळू झटकून उठला. मग म्हणाला, "एक साल जिनात काढतो. इंग्रजी करतो. पुढच्या साली अहमदाबाद."

भुरीबाईनं तोंड फिरवलं. अहमदाबाद किती लांब, हे तिला ठाऊक नव्हतं. "जाशीन तं सकाळी जाय," ती म्हणाली. "दुपारी नोको."

पुढच्या वर्षी तो सकाळच्या गाडीनं गेला. परीक्षा पास होऊन गेला. त्याच दुपारी ते आले. रामधन दारात उभा राहून लेकाची रिकामी खाट पाहत होता. भुरीबाई उंबऱ्यावर कापूस निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तो गेला. सोताच्या मनानं गेला. आता तुमीबी जा."

बाकीचे गेले. रामधन थोडा वेळ थांबला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. धूळ पुसा, चिंचेनं घासा. मात्र कुठं जावं आणि कधी, हे आम्हाला विचारू नका. ते आपल्या मनाला विचारा, जिवंत माणसांजवळ बोला. आणि माझ्या तोंडातला हा कापूस पिवळा पडला असला, तरी काढू नका. आता ऊन डोक्यावर आलंय, आणि तुमच्या मागं कुणीतरी थबकलं आहे.