चढतोय, उतरलो

"सर, घाबरू नका! मी आलोय!" खात्रीराव ओरडले खरे, पण कापत होता तो त्यांचाच आवाज.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून शांतपणे उत्तर आलं, "मी कुठे घाबरलोय? बाहेर पडणं माझ्या हातात नाही, मग उगाच जीव कशाला जाळू? तुम्ही आधी जरा दम खा."

आतले गृहस्थ तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते. अडकलेल्या माणसानेच मेकॅनिकला धीर द्यावा, असं खात्रीरावांच्या उभ्या नोकरीत घडलं नव्हतं.

खात्रीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण घट्ट बसवलेला बोल्ट पुन्हा तपासायला अर्ध्या रस्त्यातून माघारी येणाऱ्या माणसाला सहकाऱ्यांनी दुसरं काय म्हणायचं? लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी मेकॅनिकने डब्याच्या टपावर उभं राहून स्वतः करायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. त्या फेरीआधी खात्रीराव बायकोला फोन करत. "चढतोय." खाली आले की पुन्हा फोन. "उतरलो." ती घरी शिवणयंत्रावर बसलेली असायची. "बरं," एवढंच म्हणायची आणि पुढची शिवण घालायची. सहकारी पोट धरधरून हसत. "काय हो, वहिनींची परवानगी मिळाली का?"

प्राध्यापकांना बाहेर काढलं, त्या दिवसानंतर खात्रीराव सुट्टीला प्राध्यापकांकडे जाऊ लागले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विचारवंतांनी माणसाच्या काळजीवर केवढा खल करून ठेवला होता! आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे धान्यातले खडे निवडावेत तसं रोज निवडायचं. हातात असेल ते नीट करायचं, उरलेलं सोडून द्यायचं. खात्रीरावांनी ते फारच मनावर घेतलं. बोल्ट आवळणं आपल्या हातात, दोर तुटणं-न तुटणं आपल्या हातात नाही. माघारी फिरणं बंद झालं, छातीतली धडधड थांबली, रात्री गाढ झोप लागू लागली. आणि एके दिवशी टपावर चढताना त्यांनी घरी फोन केला नाही. खाली आल्यावरही नाही.

"आज फोन नाही आला तुमचा," संध्याकाळी बायको म्हणाली.

"आता गरज नाही त्याची," ते ऐटीत म्हणाले.

ती हसली. साध्या माणसाला त्या हसण्याचा अर्थ कळला असता. खात्रीराव तेव्हा तत्त्वज्ञ झाले होते.

नोकरीची उरलेली वर्षं सुखात गेली. निवृत्त होऊन काही महिने झाले असतील, बायकोला भोवळ आली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या.

"हे आजचं दुखणं नाही. बरीच वर्षं अंगावर काढलंय. हृदय थकलंय तुमचं. झोप लागते का? कसली काळजी करता?"

"मी? छे," बायको म्हणाली.

घरी आल्यावर खात्रीराव तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. अखेर त्यांनाही कुणी शिष्य मिळाला होता.

"हे बघ, काळजी म्हणजे काय, तर जे आपल्या हातात नाही..."

"अहो, पुरे."

"अगं, ऐक तरी. मी किती घाबरट होतो, आठवतं ना?"

"आठवतं की," ती छताकडे बघत म्हणाली. "चढतोय म्हणायचात, मग उतरलो म्हणायचात. मधली पाच-दहा मिनिटं काय ती मी जीव मुठीत धरून बसायचे. मग मोकळी. तुमचा फोन बंद झाला आणि दिवसभर धरून बसायला लागले. कधी चढलात, कधी उतरलात, काही पत्ताच नाही. दारात तुमच्या चपला वाजल्या की सुटायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा तुमच्या ऑफिसात फोन केला होता. तिथली बाई म्हणाली, तुमचे मिस्टर आता किती शांत झालेत! मलाही बरं वाटलं हो. तुम्हाला झोप लागत होती. म्हटलं, दोघांतल्या एकाला तरी लागू दे."

खात्रीरावांनी इतकी वर्षं मन लावून निवडलं आणि नेमकं हेच चुकीच्या ढिगात टाकलं. दोन शब्द सांगणं तर पूर्णपणे त्यांच्याच हातात होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आता करत जाईन फोन."

"आता कुठून करणार? भाजी आणायला गेल्यावर?" ती हसायला लागली, पण धाप लागली म्हणून थांबली.

मग औषधाने तिचा डोळा लागला. खात्रीराव हळूच उठायला गेले. खुर्ची जराशी करकरली, तोच ती दचकून जागी झाली.

"कुठे निघालात?"

"कुठेच नाही. इथेच आहे."

"हं."

तिने पुन्हा डोळे मिटले. ते आता टपावर चढणार नव्हते, मग भीती कसली उरली होती? पण ते तिला कोण समजावणार? प्राचीनांची वचनं त्यांना तोंडपाठ होती, त्यातलं एकही तिच्यापुढे उच्चारायची त्यांना लाज वाटली.

दुपार कलली. पायाला मुंग्या आल्या, कंबर अवघडली, दारावरची बेल वाजवून कुणीतरी निघून गेलं. खुर्ची वाजेल म्हणून खात्रीराव हलले नाहीत.