मी वाचवलेलं हाटेल

तुमसर रोड स्टेशनाजवळच्या फाटकावर पूल कोणी आणला, असं कोणी इचारलं तर बिनधास्त माहं नाव सांगा. तेजराम चहावाला. अन् तेजरामचं हाटेल कोणी बुडवलं असं इचारलं, तरी माहंच नाव सांगा. दोन्ही कामं मी एकट्यानं केली, अन् एकाच तोंडानं केली.

हाटेल म्हणजे काय, टिनाचं छप्पर, दोन बाक, एक भट्टी अन् मागं आमची राहायची खोली. चहा मी करायचो, मुंगाचे भजे माही बायको सुलोचना करायची. मी गोठ सांगून राहिलो ती चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची. तवा त्या रस्त्यावर दिवसभर नुसती गर्दी. तुमसरच्या राइस मिलमध्ये धान नेणाऱ्या बैलबंड्या, नाकाडोंगरीकडून मॅगनीज भरून येणारे ट्रक, भंडाऱ्याच्या एसट्या, सायकली, लग्नाच्या दिवसांत वऱ्हाडं. अन् या साऱ्याच्या मधात रेल्वेचं फाटक. दिवसातून वीस-पंचवीस डाव बंद व्हायचं. एकदा बंद झालं की मालगाडी कवा येईन ते देव जाणे. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. लोक शिव्या देत खाली उतरायचे, अन् उतरले की समोर आमचं हाटेल.

सुलोचनाची पद्धत ठरलेली होती. फाटकवाल्याच्या खोलीतला फोन खणखणला, की तिनं घाणा तेलात सोडलाच म्हणून समजा. फाटकवाला चावी घेऊन बाहेर येते, दांडा खाली पडते, ड्रायव्हर इंजिन बंद करून उतरते, तेवढ्यात भजे तयार. माणूस बाकावर टेकला की गरम द्रोण त्याच्या हातात. लोकाईले वाटे, बाईले अंतर्ज्ञान आहे.

मले मात्र चहा करण्यापेक्षा बोलायचा नाद. अन् माह्यासमोर रोज शे-दोनशे माणूस अडकून उभं, पळून जायची सोय नाई. असे आयकणारे भेटले तर कोणीही पुढारी होईन. मी गल्ल्याच्या खोक्यावर उभा राहायचो अन् सुरू व्हायचो. "भाऊहो, माणसाचा अर्धा जनम या फाटकावर जाऊन राहिला! बाळंतीण इथं अडकते, परीक्षेचा पोरगा इथं अडकते! आपल्याले पूल पायजे का नाई?" लोक ओरडायचे, "पायजे!" अन् ओरडून ओरडून घसा सुकला की माह्याकडंच चहा प्यायचे. फाटकाच्या जिवावर पोट भरायचं अन् फाटकालेच शिव्या घालायच्या, असा माहा कारभार. त्यात काही चुकून राहिलं असं मले एक दिवस वाटलं नाई.

सुलोचनाले वाटलं. एक दिवस कांदा कापता कापता म्हणे, "अवो, पूल झाला तर लोक आपल्याकडं काहून थांबतीन?"

"काहून म्हणजे? तेजरामच्या चहासाठी थांबतीन!"

ती माह्या तोंडाकडं पाहत राहिली. मंग पदरानं डोळे पुसले. कांद्यानं पुसले का हासून पुसले, मले समजलं नाई.

शेवटी पूल कृती समिती झाली, अध्यक्ष मी. सह्यांचे कागद भरले, भंडारा-नागपूरच्या चकरा मारल्या. हाटेल सुलोचना पाहत होती. मले वाटे, मी हिंडतो म्हणून हाटेल चालते.

एकोणऐंशीत सर्वेवाले साहेब तिपाई घेऊन आले. ते म्हणे, फाटक बंद करायचं, पूल जुन्या रस्त्याच्या बाजूनं वर चढवायचा. डावीकडून का उजवीकडून, तेवढं ठरायचं आहे. उजवीकडं माहं हाटेल. डावीकडं गोपीचंदचा पानठेला. हा गोपीचंद गरीब गायीवाणी माणूस, दिवसभर कात-चुना लावत बसे, माह्या भाषणात सगळ्यात आधी टाळ्या वाजवे.

मी कामाले लागलो. तीन दिवस साहेबाले भजे चारले, चहा पाजला, पाटीवरचा खडूचा हिशोब पुसून टाकला. "साहेब, उजवीकडं जमीन भुसभुशीत आहे, खाली जुनी इहीर आहे. अन् हे हाटेल म्हणजे आंदोलनाचं हापिस आहे." इहीर नव्हती. माह्या भज्यानं रेघ डावीकडं सरकली, का ती पहिलेच डावीकडं काढलेली होती, हे त्या साहेबालेच मालूम. पण खुंटे ठोकले ते गोपीचंदच्या ठेल्यातून. मी गावभर सांगत फिरलो की हे मीच जमवलं.

गोपीचंद रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणलो, "गोपीचंद, देशाच्या कामासाठी त्याग करा लागते." हे वाक्य आठवलं की आजही मले माह्याच थोबाडीत मारावसं वाटते. त्या संध्याकाळी मी घरी येऊन छाती फुगवून म्हणलो, "पाह्य, हाटेल वाचवलं!" अन् दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ज्याचं मोडलं त्याले भरपाई भेटली. अन् भरपाईसोबत जागाही भेटली, तुमसरच्या बाजूनं पूल उतरते अगदी तिथं. गोपीचंदनं तिथं पक्कं हाटेल बांधलं. एसटीवाल्यांनी थांबाही तिथंच देल्ला. माहं काही मोडलंच नाई, तर मले काय भेटणार? वाचलेलं हाटेल भेटलं.

पुलाचं काम चाललं तोवर मी मस्तीत होतो. मजूर, मुकादम, मिस्त्री, सारे माह्याकडं चहा प्याले. खांब उभे झाले, वर मोठ्या तुळया चढल्या, अन् माह्या टिनावर सावली पडली. मी म्हणलो, बरं झालं, उन्हाळ्यात थंडावा राहीन.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात उद्घाटन झालं. मी धुतलेलं धोतर नेसून, भाषणाचा कागद खिशात घालून फाटकावर उभा. जिंदगीभर फाटकाशी भांडलो तर कार्यक्रम फाटकावरच होईन, असं मी धरून चाललो होतो. कोणाले इचारायची गरजही वाटली नाई. अकरा वाजता डोक्यावर बँड वाजला. फीत पुलाच्या त्या टोकाले कापून राहिले होते! मी धोतर सावरत चढ चढलो. पन्नाशीचा माणूस, दम लागला. पोचलो तर पाहुणे वापस जायले जीपमध्ये बसून राहिले होते. गोपीचंदच्या गळ्यात हार होता. मले पाहून त्यानं तो काढला अन् माह्या गळ्यात घातला. म्हणे, "तेजरामभाऊ, हा तुमचा मान." वाईट बोलला असता तर मले भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी फाटकाच्या जागी भिंत उभी झाली. फाटकवाल्याची बदली झाली, त्याच्या खोलीतला फोनही काढून नेला. सुलोचनाले घाणा कवा टाकाव तेच समजेना. सवयीनं सकाळी भजे काढले, ते संध्याकाळपर्यंत थंड पडले. चार दिवस आमी दोन्ही वेळा भजेच खाल्ले. वरून ट्रक गडगडत जायचे, टिनाचं छप्पर थरथरायचं, अन् खाली चिटपाखरू नाई. एवढा वाहता रस्ता, एका दिवसात त्यावर गवत उगवायले मोकळा झाला.

गिऱ्हाईक म्हणून यायचा तो एकटा डोमा. तोही मनानं येत नव्हता. डोमा रोज पहाटे गावातून धानाची बंडी जुपून निघे अन् बंडीत झोपून जाय. बैलाईले रस्ता पाठ. पण बैलाईले पूल झाल्याचं कोण सांगन? ते वळणावर खाली उतरायचे अन् भिंतीपाशी येऊन, फाटक उघडायची वाट पाहत रवंथ करत उभे राहायचे. डोमा जागा होऊन पाहे तर समोर भिंत. मले चार शिव्या, बैलाईले चार शिव्या, एक कप चहा, अन् वापस. हप्त्याभरात बैलही बहुतेक पुलावर चढायले शिकले. मी तेवढा भिंतीपाशी उभा होतो.

महिन्याभरानं गोपीचंद आला. बाकावर बसून अडखळत म्हणे, "तेजरामभाऊ, माह्याकडं जागा आहे, गिऱ्हाईक आहे, पण भज्याले चव नाई. लोक फाटकावरचे भजे मागतात. तुमी अन् वैनी तिकडं या. अर्धी पाती तुमची, अर्धा नफा तुमचा."

"मी समितीचा अध्यक्ष!" मी ओरडलो. "तुह्या हाटेलात कप इसळू काय?"

तो उठून गेला. सुलोचना कधी आवाज चढवत नव्हती, त्या दिवशी चढवला. "पीठ सरलं, डाळ सरली, साखर उद्या सरन. त्यानं चांगल्या मनानं बोलावलं. तुमाले काय होते जायले?"

"तुले जायचं तर जाय! पण गेली तर वापस येऊ नको!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कढई डोक्यावर घेतली, झारा हातात घेतला अन् पुलाचा चढ चढून गेली. एकदाही मागं वळून पाहलं नाई. संध्याकाळी वापस आली, कारण घर तिचंही होतं. भात मांडला, मले वाढला, बोलली नाई. मीही बोललो नाई. असे अकरा दिवस गेले. ज्या माणसानं शे-दोनशे लोकाईसमोर तोंड उघडलं, त्याले आपल्याच बायकोले "मीठ दे" म्हणायची हिंमत होईना. मी दिवसभर खाली बसून भट्टी पेटवायचो, चहाचं आधण ठेवायचो अन् आटवायचो. मले भेव होतं ते हाटेलाचं नव्हतं आता. मले वाटून राहिलं होतं, पंचवीस वर्षांचा संसार मी एका वाक्यात मोडला, अन् ही बाई निसती रीत म्हणून भात वाढून राहिली.

बाराव्या दिवशी डोमाचे बैल पुन्हा चुकले. डोमा डोळे चोळत उतरला. मी चहा ओतायले लागलो तर म्हणे, "राहू द्या तेजरामभाऊ. मी पुलापल्याडच घेईन, वैनीच्या हातचे भजे खाऊन. पण एक सांगू? वैनीचे हाल पाहवत नाई. तळा लागते, चहा द्या लागते, कप धुवा लागते. गोपीचंद पानात गुंतलेला. काल हातावर तेल उडालं तिच्या. फोड आला आहे, पाहला नाई काय?"

नाई पाहला. अकरा दिवस तिच्या हातचा भात खाल्ला, हात पाहला नाई.

मी भट्टीवर पाणी टाकलं. दुपट्टा डोक्याले गुंडाळला, कोणी ओळखू नये म्हणून, अन् माह्याच पुलावरून चाललो. उद्घाटनानंतर पहिल्यांदा. वरून पाहलं तर माहं हाटेल एवढंसं दिसत होतं. खरंच वाचलं होतं, एक टिनही हाललं नव्हतं.

गोपीचंदच्या हाटेलात दोन एसट्या येऊन उभ्या. लोक भज्यासाठी ओरडून राहिले. सुलोचना एका हातानं तळत होती, दुसऱ्या हाताले चिंधी बांधलेली. मागं मोरीत उष्ट्या कपांचा ढीग. मी गुपचाप मोरीवर उकिडवा बसलो अन् कप घासायले लागलो. तिनं पाहलं. पुढचा घाणा तेलात सोडला.

तेवढ्यात भंडाऱ्याचा एक जुना ड्रायव्हर, फाटकावर माहा चहा पिऊन म्हातारा झालेला, मोठ्यानं म्हणे, "काहो बाई, तुमच्या फाटकावर तो भाषण देणारा होता, कुठी गेला? पूल झाला अन् सुटलो बा त्याच्या तावडीतून!"

सारं हाटेल हासलं. मी दुपट्टा आणखी खाली ओढला.

सुलोचनानं झारा कढईवर आपटला. "हासता कायले?" ती म्हणे. "त्याच्यानंच पूल झाला. आज तुमी टायमावर आले ते त्याच्यामुळं. आपलं चालतं हाटेल बुडवलं त्या माणसानं, पण तुमचा रस्ता मोकळा केला. तो बसला आहे मोरीवर. हिंमत असन तर त्याच्या तोंडावर हासा."

कोणी हासलं नाई. ड्रायव्हर उठून उभा झाला अन् त्यानं मले खरंच हात जोडले.

आता खरं सांगतो. मी काही हाटेल बुडवून पूल देल्ला नव्हता. मले समजलंच नव्हतं की ते बुडन. मी हाटेल वाचवायले खोटी इहीर सांगतली होती. हे सारं सुलोचनाले मालूम होतं, तिच्यासमोरच सांगतली होती. तरी ती बोलली, अन् साऱ्या लोकाईसमोर बोलली. मले रडू आलं. धूर लागला म्हणता आलं असतं, पण मोरीत धूर कुठला?

दोन शब्द बोलाव म्हणून मी उभा झालो. दुपट्टा काढला, घसा खाकरला, "भाऊहो" म्हणलो.

"भाषण नको," सुलोचना म्हणे. बारा दिवसांनी ती माह्याशी बोलली. "कप घासा. तिसरी एसटी पुलावर चढून राहिली."

मी खाली बसलो अन् कप घासले.