कुंकवाचा लाल दिवा

मी खेळातल्या आगगाडीचा एक मालडबा आहे. तपकिरी, प्लॅस्टिकचा, तळहातावर मावणारा. तंजावूरच्या एका घरात परणावर, म्हणजे माळ्यावर, ट्रंकेत जुन्या वेष्टीच्या, धोतराच्या, तुकड्यात गुंडाळून ठेवलाय मला. इथे कुणी येत नाही. तुम्ही आलाच आहात, तर जरा ऐका.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ठाऊक नाही. आठवतं ते चेन्नईचं दुकान. खेळातली इंजिनं आणि प्रवासी डबे काचेच्या कपाटात, आणि आम्ही डागी मालडबे खाली खोक्यात. माझा तर पुढचा डबा जोडायचा मागचा आकडाच मोडलेला. माझे मालक रघुपती गुडघे टेकून त्या खोक्यात हात घालत. परवडायचं तेवढंच, हे खरं. पण दुकानदाराला म्हणाले, "प्रवासी डबे सगळेच घेतात हो. भात कुणी वाहायचा?" पापनाशमच्या स्टेशनाशेजारी त्यांचं लहानपण गेलेलं. भाताची पोती नेणाऱ्या मालगाड्या बघत ते वाढले होते.

एकेक करून त्यांनी आम्हाला जमवलं. कुणाला दार नाही, कुणाचं चाक दुसऱ्याच डब्याचं. त्यांची बहीण कमलाक्षी टोमणा मारायची, लोक बायकोला सोनं करतात, आमचा रघू भंगार आणतो. त्यांची बायको सुंदरीही हसायची. लेक वसुमती मात्र हसत नसे. ती कॉलेज शिकलेली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. आमची चाकं पुसताना तेवढे तिचे हात स्थिर असत.

नवरात्रात आमचे दिवस यायचे. घरात कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडत. पायऱ्यांवर देव, राजे, चेट्टियार-चेट्टिच्ची या वाणी नवरा-बायकोची जोडी, आणि खाली मोहरी पेरून उगवलेल्या शेतातून आमचे रूळ. माझ्यामागे काही जोडता येत नसे, म्हणून मी कायम शेवटचा. रघुपती, वसुमतीचे अप्पा, माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट लावत. "वसू, हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा. हा दिसला की समजायचं, गाडी पुरी गेली. मागे काही राहिलं नाही."

विजयादशमीची आरती झाली की कोलूतली एक बाहुली आडवी करतात. ती निजली की सगळ्या निजल्या, मग आवराआवर. आमच्या घरी तो मान माझा होता. अप्पा मला दोन बोटांनी अलगद आडवं करत. त्या झोपेसारखी झोप नाही.

गेल्या नवरात्रात कोलू मांडून झालं आणि अप्पांचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. वसुमती इस्पितळातून आली ती थेट कोलूसमोर. आईला सांगू लागली, "अप्पा डाव्या हाताचं बोट वाकवून दाखवतात. नर्स म्हणते पाणी मागतात. पाणी नाही गं, आकडा आहे तो. त्यांना डबा हवाय."

ती वाकली. तिची बोटं माझ्या छपराला लागली.

"हात लावू नकोस," मागून कमलाक्षीआत्या म्हणाली. वसुमती एवढी दचकली की मोहरीचं शेत विस्कटलं. "बसलेलं कोलू मधेच हलवायचं नसतं, पोरी. रघू तिथे असा पडलाय आणि तू घराला आणखी काय लावून घेतेस? दशमी होऊ दे, मग ने."

वसुमतीने माझ्याकडे पाहिलं. मला नेलं तर अप्पांना काही होईल, ही भीती तिच्या डोळ्यांत मी बघितली. ती शिकलेली होती, तिला ते पटत नव्हतं. पण पणाला अप्पाच लागलेले. तिने हात मागे घेतला. मग रोज इस्पितळातून येऊन लांबून मला बघायची. रोज विचारायची, दशमी कधी.

अप्पा नवमीला गेले.

घरात सुतक. कोलूला घरच्या कुणी शिवायचं नाही. शेजारच्या अलमेलुने आवरून दिलं, बिचारीने फार जपून. चाकं मोडू नयेत म्हणून मला उभंच ठेवलं. आमच्या घरची रीत तिला कोण सांगणार?

यंदा वर्ष सुतकाचं, कोलू नाही. मध्यंतरी वसुमती शिडी लावून वर आली, ट्रंक उघडली, वेष्टी सोडली. माझ्या पाठीवरचं कुंकू अजून तसंच होतं. सुंदरीच्या कपाळावरचं गेलं, माझं राहिलं. वसुमती त्या लाल ठिपक्याकडे बघत बसली. अप्पा सांगायचे, मागे काही राहिलं नाही. खाली आत्याने नुसतं दार लोटलं, आणि ती दचकली. मला होतं तसं उभं ठेवून, झाकण लावून उतरली. परत आली नाही.

मला रूळ नकोत, इंजिन नको. तुम्ही खाली गेलात आणि वसुमती दिसली, तर तिला एवढंच सांगा की डबा अजून जागा आहे. तिला धीर होत नसेल तर राहू दे.

मग निदान तुम्ही. हात आत घाला, आणि दोन बोटांनी मला आडवं करा.