नावानिशी उपकार

आमच्या डोंबिवलीच्या घरसभेत, म्हणजे दर रविवारी घरी भरणाऱ्या प्रार्थनेत, शांतवनमास्तरांचा एक नियम होता. उपकारस्तुती मोघम करायची नाही. "सर्वांबद्दल धन्यवाद" म्हणजे कुणाबद्दलच नाही, असं ते म्हणायचे. माणसाचं नाव घ्यायचं, त्याने काय केलं ते सांगायचं, मग सगळे आमेन म्हणणार. मास्तर रिटायर झाले होते तरी आम्ही त्यांच्यापुढे चौथीतच बसलो होतो.

सत्याऐंशी साली माझे मिस्टर, महिपत, मानपाड्याच्या केमिकल कंपनीत भाजून गेले. टाकी गार व्हायच्या आत झाकण उघडलं आणि आतलं सगळं अंगावर आलं. कंपनीने लिहून टाकलं की झाकण त्यांनी स्वतःच्या मनाने उघडलं. बारा वर्षं त्या टाकीवर काम केलेला माणूस! घरी चहासुद्धा फुंकर घातल्याशिवाय पीत नसे. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, एवढं कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर तीन महिने घरसभेत माझी पाळी आली की मी गप्प. कुणाचे उपकार मानू? बायका माझ्याकडे बघून उसासे टाकायच्या. त्या उसाशांचा मला भयंकर राग यायचा.

मग एका शनिवारी गुणाजी घरी आला. कंपनीत मिस्टरांच्याच पाळीत होता, साताऱ्याकडचा, आमच्या मंडळीतला नव्हे. दाराशीच उभा राहून म्हणाला, "वहिनी, मी शिडीवर होतो तेव्हा. मॅनेजर परुळेकर साहेब ओरडला, उघड म्हणून. महिपतभाऊ नको म्हणत होते. मंगळवारी चौकशीला सरकारी साहेब येतोय ना, त्याच्यापुढे सांगणार मी. तोवर कुणाला बोलू नका."

"नाही बोलत," मी म्हटलं. तो गेल्यावर मी किती तरी दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाळी माझ्यापर्यंत आली आणि मी उभी राहिले. कुणाला बोलायचं नाही हे मला आठवत होतं, खोटं कशाला सांगू? पण मी माणसांशी नाही, देवाशी बोलत होते. डोळे मिटले की समोरची माणसं आपल्याला नसल्यासारखीच होतात. आणि खरं सांगायचं तर त्या उसासे टाकणाऱ्या बायकांना मला दाखवायचं होतं. म्हटलं, "हे पित्या, गुणाजीबद्दल मी तुझे उपकार मानते. मंगळवारी चौकशीत तो खरं सांगणार आहे. माझ्या नवऱ्याच्या नावावरचा डाग तो पुसणार आहे."

आमेन केवढ्याने झालं! कोपऱ्यात सुमंत बसला होता. त्याच कंपनीच्या गेटवर हजेरी घ्यायचा, टेंपररी. मिस्टरांच्या शवपेटीला खांदा दिलेला मुलगा. त्याचंही आमेन मी ऐकलं आणि बरं वाटलं मला.

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला जाताना गुणाजीला चौघांनी रस्त्यात अडवलं. लोखंडी सळीने दोन्ही पाय मोडले. मंगळवारी सरकारी साहेब आला, चहा पिऊन गेला. नंतर दवाखान्यातून गुणाजीचा अंगठा उठवलेला कागद आला: मी काही पाहिलं नाही. चौकशी संपली. कामगाराची बेपर्वाई, हेच कायम राहिलं.

मी दवाखान्यात गेले. गुणाजीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याची बायको, भागीरथी, मला व्हरांड्यात घेऊन आली.

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही गं. प्रार्थनेत फक्त नाव घेतलं. देवाजवळ."

"मोठ्यानं?"

मी मान डोलावली.

"तुमच्या देवाला त्याचं नाव ठावं नव्हतं व्हय, बाई?" ती म्हणाली. "त्याला आता म्हणत्यात, पुन्हा तोंड उघडलं तर पोरांना बघून घेऊ. तुम्ही येऊ नका हितं."

मी खाली मान घालून घरी आले.

पुढच्या रविवारी जायचं नव्हतं, पण मास्तर स्वतः न्यायला आले. एकेकाची पाळी होत होती. मी गुणाजीच्या पायांचा विचार करत बसले होते. सुमंत उभा राहिला. "हे पित्या, परुळेकर साहेबांबद्दल मी तुझे उपकार मानतो. या आठवड्यात त्यांनी मला नोकरीत कायम केलं."

सगळे आमेन म्हणाले. सवयीने मीही म्हटलं. त्यानंतर ते नाव माझ्या डोक्यात शिरलं.

मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. सुमंतच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आनंदाचं. उठून त्याचा गळा धरावा असं वाटलं. पण काय म्हणून धरणार? त्याचं पाप सांगायचं तर गुणाजीचं नाव परत इथेच, मोठ्याने घ्यावं लागणार होतं. आणि त्याच्या घरी पोरं होती.

"रतनबाई," मास्तर हळूच म्हणाले, "तुमची पाळी."

मी उभी राहिले. "या आठवड्यात," मी म्हटलं, "माझं कुणी नाही."

सगळे आमेन म्हणाले.