कुलपांच्या कारखान्यातली सभा

कुलपांच्या कारखान्याची वार्षिक सभा पॅकिंगच्या टेबलाभोवतीच भरायची. दरवर्षी आत्याची एकच मागणी असे, लाभांश वाढवा. आणि कारखाना चालवणारा भाचा दरवर्षी तेच ऐकवायचा, "आत्या, संचालकांनी सुचवलेला आकडा सभासदांना कमी करता येतो, वाढवता येत नाही. कायदाच आहे तसा." मग आत्या तोंड वाकडं करून चहा प्यायची.

यंदा भाच्याला नवी गाडी घ्यायची होती, म्हणून त्याने स्वतःच घसघशीत लाभांश सुचवला. आत्या सगळ्यांच्या आधी हात वर करणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"निम्मा करा," आत्या म्हणाली.

भाच्याला वाटलं, आपले कान वाजतायत. "अगं, दरवर्षी वाढवा म्हणून माझा जीव खातेस ना?"

"वाढणार नाही हे ठाऊक होतं रे. मागायला काय जातंय? पण आत येताना किल्ल्या कापायचं यंत्र पाहिलं. सुतळीने बांधलंय ते. आधी नवं घे. नाहीतर काय, बिनकिल्लीची कुलपं विकणार आहेस?"

आत्याशेजारी बसलेल्या भाच्याच्या काकांनी तिच्या बाजूने हात वर केला. त्यांचे आणि आत्याचे शेअर मिळून निम्म्याहून जास्त होते.

"पण आत्या, असं आयत्या वेळी..."

"कमी करता येतं. तूच शिकवलंस."

भाच्याने आकडा खोडला. सभेनंतर त्याची जुनी गाडी नेहमीप्रमाणे सुरू होईना, तेव्हा बाह्या सरसावून ढकलायला पहिली आत्याच आली.