शुश्काची ताटली

"हलू नकोस गं बयो. एवढंच. झालं."

जॅम आटवायच्या पातेल्यात बसवलेली मांजर हलली नाही. हलायला अंगात जोर लागतो. त्सोन्कानं तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं एक छोटं वजन काढलं, त्याहून छोटं ठेवलं आणि मनातल्या मनात पातेल्याचं वजन वजा केलं. दोन किलो सहाशे. सोमवारी शंभर ग्रॅम जास्त होती. तिचा नवरा गंचो होता तेव्हा पुरी चार किलो.

"काय गं, आज मांजरीचा मुरंबा का?" शेजारची पेन्का नेहमीसारखी न विचारता आत आली. तिच्या हातात झाकलेली वाटी होती. "घे. कोंबडीची काळिजं. नवऱ्याला दाखवलीसुद्धा नाहीत, हिच्यासाठी आणली."

"ही नाही खाणार."

"मग तू खा. नाहीतर पुढच्या आठवड्यात तूच बसशील त्या पातेल्यात." पेन्कानं वाकून मांजरीकडे पाहिलं. "अख्खा देश हसतो आपल्याला, की गाब्रोवोची चिक्कू माणसं मांजरीची शेपटी छाटतात, दार चटकन लागावं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. हिची शेपटीच तेवढी उरलीय बघ, बाकीची सगळी छाटलीय."

त्सोन्का हसली नाही. तिनं शुश्काला उचलून खाली ठेवलं. मांजर चार पावलं चालली आणि कपाटाखाली जाऊन बसली.

लहानपणी ती वाळलेल्या मिरचीसारखी होती, लालसर, वाकडी आणि हलकी. म्हणून गंचोनं तिला शुश्का, म्हणजे मिरची, म्हणायला सुरुवात केली. ती या तिसऱ्या मजल्यावरच्या घराबाहेर कधी गेली नव्हती. नऊ वर्षं ती गंचोच्या पायाशी झोपली. शेवटच्या आजारपणात छातीवर.

त्सोन्कानं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. रोज दोनशे मुलं. कुणाला कांदा नको, कुणाला दुधावरची साय पाहून उलटी यायची, कुणी घास गालात धरून तासभर बसायचं. तिनं कुणावर कधी डोळे वटारले नाहीत आणि तिच्या हाताखालून कुणी उपाशीही गेलं नाही. नवीन मदतनीस बाई आली की ती पहिल्याच दिवशी सांगायची, "मूल जेवत असलं की त्याच्याकडे बघत उभं राहायचं नाही. आपण आपलं काम करायचं."

आणि आता एक मांजर तिला हरवत होती.

गंचोला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. इमारतीच्या दारावर त्याच्या निधनाचा, फोटोचा कागद अजून चिकटलेला होता. माणूस गेल्यावर महिनाभरानं लोक येणं थांबवतात, हे त्सोन्काला ठाऊक होतं. पण पेन्का सोडली तर बाकीच्यांनी आठवड्यातच थांबवलं. मुलबाळ नव्हतं. गंचो आता येणार नाही ही गोष्ट या घरात दोघींना कळत होती, आणि त्यातली एक दिवसागणिक हलकी होत होती.

दुपारी ती शुश्काला टोपलीत घालून दवाखान्यात घेऊन गेली.

प्राण्यांची डॉक्टर मिग्लेना याच गावची, त्सोन्काच्याच शाळेत शिकलेली. तिनं दात पाहिले, पोट चाचपलं, रक्ताचा कागद पुन्हा वाचला.

"मावशी, आजार काही नाही हिला. मूत्रपिंडं चांगली आहेत, दात चांगले आहेत. घरी काय काय करून पाहिलंत?"

"तू सांगितलंस ते सगळं. कोमट करून देते, बोटाला लागेल इतपत. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. खोल वाटी काढून पसरट ताटली घेतली, मिश्या घासू नयेत म्हणून. मासा दिला, काळीज दिलं, ती तुझी नळीतली लापशी बोटावर घेऊन चाटवली. ताटलीपर्यंत येते गं. येते, थांबते आणि परत जाते."

"अडीचच्या खाली गेली तर मला मानेतून नळी घालावी लागेल. मांजर फार दिवस उपाशी राहिली की तिचं यकृत बिघडतं. शुक्रवारपर्यंत बघू. त्यापुढे थांबता येणार नाही."

त्सोन्का टोपलीची कड चोळत राहिली. "एकतीस वर्षं पोरांना जेवू घातलं मी," ती म्हणाली. "लाज वाटते बघ."

मिग्लेना हात पुसता पुसता थांबली. "मला आठवतं मी पहिलीत होते ते. तीन आठवडे काही खाल्लं नव्हतं."

"हो. पॅनकेक केले तुझ्यासाठी, ते पण तसेच ठेवलेस. हट्टी कार्टी होतीस."

"आणि मग खाल्लं. कशानं, आठवतंय?"

"घेवड्याचं सूप होतं त्या दिवशी."

"सूप रोजचंच होतं, मावशी. तुम्ही माझी खुर्ची उचललीत. खिडकीपासून हलवून चुलीजवळ ठेवलीत. त्या खिडकीतून फाटक दिसायचं. माझी आई गेली ती त्याच फाटकातून गेली." तिनं शुश्काच्या कानामागं हलकेच खाजवलं. "तुम्ही विचारलं नाहीत काही. नुसती खुर्ची उचललीत."

मिग्लेनानं शुश्काला उचलून टोपलीत ठेवलं.

"ताटली कुठं ठेवता हिची?"

"नऊ वर्षं ठेवतेय तिथंच. कोठीच्या खोलीत, बरण्यांच्या फळीखाली."

हे बोलता बोलताच तिचा आवाज खाली गेला.

घरी आल्यावर तिनं टोपली उघडून शुश्काला सोडलं, पण कोट काढला नाही. सरळ कोठीच्या खोलीकडे गेली. सव्वीस दिवस ते दार भिंतीला टेकून उघडंच होतं. तिनं ते ओढून पुढं घेतलं आणि त्याची आतली बाजू पाहिली. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर रंग खरवडून निघाला होता. आतलं पांढरं लाकूड दिसत होतं, आणि एका ओरखड्यात नखाचं तुटकं टोक रुतलेलं होतं.

गंचोला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं तेव्हा बायका जमल्या, मेणबत्त्या लागल्या, आरशावर चादर पडली. पेन्कानंच विचारलं होतं, "मांजर कुठंय? कोंडा आधी तिला. मयतावरून उडी मारली तर माणूस भूत होऊन परत फिरतो." सगळ्या घरांत असंच करतात. त्सोन्काच्या आईनं केलं होतं, आजीनं केलं होतं. त्सोन्कानं स्वतः गंचोच्या पायाशी बसलेल्या शुश्काला उचललं आणि कोठीत ठेवून कडी लावली. आत खाणं होतं, पाणी होतं. एक दिवस आणि एक रात्र. शुश्का ओरडत होती. बायकांनी रडण्याचा सूर वाढवला, म्हणून ते ऐकू येईनासं झालं. कडी काढली तोवर गंचोला नेलं होतं.

त्सोन्का जमिनीवर बसली. "मला ऐकू येत होतं गं," ती म्हणाली. कपाटाखालचे दोन डोळे तिच्याकडे पाहत होते.

मग ती उठली. काळिजाचे बारीक तुकडे केले, ताटली कोमट पाण्यावर धरली आणि बाहेरच्या खोलीचं दार उघडलं. ते मात्र सव्वीस दिवस बंद होतं. आत गार होतं. आरशावर चादर तशीच होती. चाळीसाव्या दिवसापर्यंत ती काढायची नसते. पलंग आवरलेला होता. गंचोच्या सपाता पलंगाखाली जोडीनं ठेवलेल्या.

तिनं ताटली पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. पावाचा एक तुकडा घेतला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि दाराकडे पाठ करून बसली. खाली यांत्रा नदीच्या पुलावरून माणसं छत्र्या मिटत घरी चालली होती. तिनं पाव खायला सुरुवात केली. आज सकाळपासून आपणही काही खाल्लेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग लाकडी जमिनीवर नखांचा बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पलंगाभोवती फिरला, सपातांपाशी बराच वेळ राहिला.

त्सोन्का वळली नाही. पुलावरची माणसं मोजत राहिली.

मग ताटली जमिनीवर किंचित सरकली. खरखरीत जीभ चिनी मातीवर फिरली. दोन घास, तीन, कदाचित चार. मग गादीवर हलकंसं वजन पडलं, आणि सगळं शांत झालं.

सकाळी पेन्का आली तेव्हा त्सोन्का दारात गुडघे टेकून बसली होती. बाहेरच्या खोलीच्या दारात ती गंचोची एक सपात अडकवत होती, वाऱ्यानं दार लागू नये म्हणून.

"काय करतेस? अख्ख्या घराची ऊब चाललीय त्या रिकाम्या खोलीत!"

पेन्कानं आत डोकावलं. गंचोच्या पलंगावर, जिथं त्याची छाती असायची तिथं, एक लालसर गोळा झोपलेला होता. पेन्काचा हात सवयीनं छातीवर क्रूस काढायला उठला आणि अर्ध्यातच राहिला.

"वजन केलंस?"

"केलं. तेवढंच आहे. दोन सहाशे."

"म्हणजे वाढलं नाही."

"उतरलं नाही," त्सोन्का म्हणाली आणि सपात हातानं आणखी घट्ट सरकवली.