कर्नलची पाठ

बागेचं नूतनीकरण झालं आणि कमिटीने आमच्या कर्नल टटलचा पुतळा उत्तरेला तोंड करून बसवला. का, तर म्हणे नव्या पार्किंगमधून फोटो चांगला येतो! अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने दक्षिणेच्या फौजेशी लढताना कर्नल छातीवर गोळी झेलून पडला. तेव्हापासून आमच्या या व्हरमाँटच्या गावात त्याचा पुतळा दक्षिणेकडे डोळे रोखून उभा होता.

कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर माझा शाळेतला सोबती. त्याला गाठून मी म्हणाले, "मेल्या, तू कर्नलला शत्रूला पाठ दाखवायला लावलीस!"

"हेस्टर, युद्ध संपून दीडशे वर्षं झाली. ब्राँझच्या माणसाला काय कळतंय?"

"त्याला नसेल कळत. मला कळतंय ना!"

स्मृतिदिनाच्या मिरवणुकीत बँड माझ्या हाताखाली असतो आणि बँड जाईल तिकडे गाव जातं. वॉल्टर पुष्पचक्र घेऊन उत्तरेच्या बाजूला, फोटोवाल्यांसमोर, ताठ उभा होता. मी बँड वळवला तो थेट दक्षिणेच्या बाजूला. अख्खं गाव मागोमाग आलं. कर्नलच्या पाठीसमोर उभं राहून आम्ही सलामीची धून वाजवली.

पुष्पचक्र सावरत वॉल्टर धावत आला. "अगं, हे काय चालवलंयस? ही त्याची पाठ आहे!"

"हो ना," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "छातीवर गोळी खाल्लेल्या माणसाची पाठ दक्षिणेने आज पहिल्यांदा पाहिली. आता तूच सांग, कुणी दाखवली ती?"